हलका हात

दीपालीचा हात हलका आहे, याबद्दल पाड्यावर कुणाचं दुमत नव्हतं. एरवी दुमत नसलेली गोष्ट त्या पाड्यावर सापडणं कठीण. बांधावरून दोन सख्खे भाऊ तोंड फिरवून बसलेले, हापशीवर रोज कुणाचा तरी हंडा लाथाडला जायचा. पण सुई टोचायची वेळ आली की सगळे दीपालीच्याच ओटीवर. बोईसरला दमयंती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तिनं सहा वर्षं काढली होती. आधी झाडू-फरशी, मग मलमपट्टी, मग सुई. बाईंनी स्वतः शिकवलं. पुढे बाई थकल्या, दवाखाना बंद करून शिरगावला आपल्या वाडीत राहायला गेल्या, आणि दीपाली सिरिंजांचा एक स्टीलचा डबा घेऊन मासवणच्या बाजूला आपल्या सासरच्या पाड्यावर परत आली.

पाड्यावर गोळीला काडीची किंमत नव्हती. डॉक्टरनं गोळी दिली म्हणजे टाळलं, सुई दिली म्हणजे मनावर घेतलं, असा सरळ हिशेब. दीपालीची सासू बायडी तर तापलेल्या पोरालाही गोळी देऊ द्यायची नाही. "पोटात जाऊन ती कुटं जायची, कोनाला ठाव? सुई कशी, आत गेलेली दिसते." दीपाली चिठ्ठी बघून सुई द्यायची. चिठ्ठी नसली तर थकलेल्या बायामाणसांना जीवनसत्त्वाची लाल सुई द्यायची. त्या सुईनं फार काही होत नाही, हे तिला माहीत होतं. घेणाऱ्याला मात्र लगेच बरं वाटायचं, आणि त्यांना बरं वाटलं की तिलाही बरं वाटायचं.

त्या साली दिवाळीच्या तोंडावर कापणी चालू असताना तिचा नवरा रूपेश डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून घसरला. पडला तो नेमका कमरेवर. चार दिवस वाकून चालला. पाचव्या दिवशी बोईसरचा टेम्पो आला, तेव्हा चढून बसला. बसला नाही तर जोडी मोडेल ही भीती.

हमाली जोडीनं चालते. गोदामातली पन्नास किलोची गोणी दोघांनी दोन-दोन कोपऱ्यांना धरायची, एक झोका द्यायचा आणि कंटेनरच्या तोंडावर उभ्या असलेल्यांकडे भिरकावायची. दोघांचा झोका एका श्वासात पडला तर गोणी हलकी लागते. एकाला अर्धा श्वास उशीर झाला की सगळं वजन दुसऱ्याच्या मनगटावर, नाहीतर पायावर. रूपेशचा जोडीदार त्याचा मावसभाऊ विनोद. सात वर्षं दोघांचा झोका चुकला नव्हता. टोळीत त्यांना 'झोपाळा' म्हणायचे.

त्या आठवड्यात झोपाळा तीनदा चुकला. तिसऱ्यांदा गोणी फुटली, पांढरी पावडर जमिनीवर सांडली. धर्मेश मुकादमानं रूपेशला ती हातानं गोळा करायला लावली. परप्रांतातून आलेले ट्रकवाले उभे राहून बघत होते. त्यातला एक म्हणाला, "अरे भाई, घर जा के सो जा." हे रूपेशनं घरी सांगितलं नाही. विनोदनं सांगितलं, तेही हसत हसत, ओटीवर चहा पिताना. रूपेश खाली मान घालून नखांतली पावडर काढत बसला होता. ती निघत नव्हती.

"धर्मेश बोलला, सोमवारपासून मला दुसरा जोडीदार देनार," विनोद म्हणाला. "मी बोललो, थांब जरा."

"थांबेल का तो?" दीपालीनं विचारलं.

"तुमच्या नवऱ्यावर हाय, वैनी."

त्या संध्याकाळी दीपालीनं रूपेशला लाल सुई दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. कंबर तशीच. बायडी चुलीपुढून म्हणाली, "हिची सुई आता लागत नाय. पोरगा कनतो न् ही नुसतं लाल पानी भरते." दीपालीला लागायचं ते लागलं. आजवर तिच्या सुईला कुणी पाणी म्हटलं नव्हतं.

रविवारी सकाळी विनोद आला. रुमालात गुंडाळलेली एक काचेची बाटली त्यानं ओटीवर ठेवली. करंगळीएवढी, आणि तिच्यावरचा कागद ओला करून खरवडून काढलेला. दीपालीनं ती उजेडात धरली. नाव नसलं तरी काच ओळखीची होती. बाईंच्या दवाखान्यात असल्या बाटल्या कपाटात कुलपात असायच्या. किल्ली बाईंच्या कमरेला. हाड मोडलेला, भाजलेला असा कुणी आला तरच ते कपाट उघडायचं.

"ही कुठनं आनलीस?"

"मिळते. तुमी भरा फक्त."

"विनोद, ही दुखन्याची हाय. पन ही रोज घ्यायची नाय. ही सवय लावते."

"मी तीन मयने घेतोय. मला लागली का सवय? गोनी बघा माजी कशी उडते." त्यानं हात फिरवून दाखवला. बाही लांब होती, कोपराच्या वर नेली नाही. "दारू पिऊन आलो असतो तर माज्या बुधीनं घरात घेतला असता का? हिला वास नाय, झोकांडी नाय. डॉक्टरची वस्तू हाय."

"आमच्या टोळीत सहा जन घेतात," रूपेश हळूच म्हणाला. तोवर तो भिंतीला टेकून बसला होता. "गोदामामागं. एकाच सुईनं."

"एकाच?" दीपालीनं बाटली खाली ठेवली.

"मग? तितं काय डबा हाय तुजा?" तो उठून तिच्यासमोर बसला. उठताना त्याचा चेहरा कळेनं वाकडा झाला. "दीपा, उद्या जोडी मोडली तर मला कोन घेनार नाय. कंबर मोडलेला मानूस कोन घेतो? मी उद्या घेनार. तू दिलीस तर तुज्या हातनं, नाय तर त्यांच्या."

हा काही न्याय नव्हता. पण त्या क्षणी तिला तो न्यायासारखा वाटला. निदान माझी सुई कोरी असेल, पाकिटातून काढलेली असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली. दुसरंही एक कारण होतं, आणि ते तिनं पुढे बरेच दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. पाण्याची सुई देणारी म्हणून तिला राहायचं नव्हतं.

सोमवारी टेम्पो यायच्या आधी तिनं ती दिली. जरा वेळानं रूपेशच्या कपाळावरची आठी गेली. तो भिंतीला डोकं टेकून हसला. लग्नात हसला होता तसा, उगीचच.

"लागली ना?" बायडीनं दारातून विचारलं.

"लागली, आये."

"मंग! ही खरी सुई," बायडी म्हणाली आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण असा हात पहिल्यांदाच फिरत होता.

झोपाळा पुन्हा हलू लागला. रूपेश आणि विनोदनं त्या दिवशी जेवायच्या सुट्टीआधी आख्खा कंटेनर भरला, असं टेम्पोतले लोक सांगत आले. आणि ते नुसते सांगायला आले नाहीत. बुधवारी सकाळी दीपाली शेणानं सारवलेल्या अंगणात आली, तर दोन माणसं विनोदकडच्या बाटल्या घेऊन, बाह्या वर करून बसलेली. शुक्रवारी चार झाली. "वैनी, तुमचा हात हलका. तितं तो विनोद गायीला टोचल्यासारखा टोचतो." बायडीनं त्यांना बसायला गोणपाट टाकलं, काळा चहा ठेवला. शेजारच्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणायची, "बसा रं, डॉक्टरीन हात धुते हाय."

दीपाली प्रत्येकाला नवी सुई काढायची आणि वापरलेली मोडून टाकायची. जुने घेणारे होते त्यांचं ती मनाला लावून घेत नव्हती. पण त्यांच्यामागून नवे येऊ लागले. पलीकडच्या पाड्यावरचा शैलेश आला. माघात त्याचं लग्न ठरलेलं. बाही वर करून त्यानं विचारलं, "वैनी, मी पयल्यांदाच घेतोय. दुखंल का?"

"तुला कशाला पायजे? तुला काय दुखतं?"

"काय नाय दुखत." तो लाजला. "माज्या जोडीदारानं चालू केली. तो गोनी घेऊन पळतो न् मी मागं राहतो. टोळीत सगळे हसतात."

ती त्याला घालवून देणार होती. पण बाकीचे बघत होते, टेम्पो वाजत होता, आणि शैलेश इथून परत फिरला असता तर तो सरळ गोदामामागे गेला असता. तिनं दिली. मग दिवसभर तिच्या हाताला चैन पडेना. भांडी घासली, अंगण दोनदा झाडलं, पेंढ्याची उडवी उगीच उतरवून पुन्हा रचली. हातात काही नसलं की बोटं आपोआप एकमेकांना चोळायला लागायची.

पौष लागला. रूपेशची कंबर कधीच बरी झाली होती, हे तिला एके दिवशी अचानक ध्यानात आलं. तो वाकून चपलेचा पट्टा लावत होता, न कण्हता. तरी सकाळी बाही वर.

"कंबर दुखते अजून?"

"दे ना लवकर, टेम्पो येईल."

"आज रविवार हाय, रूपेश. टेम्पो कुठला?"

तो तिच्याकडे बघत राहिला. नाकातून पाणी येत होतं, जांभया थांबत नव्हत्या, हाताची कातडी तो खाजवून खाजवून लाल करत होता. "दे," एवढंच म्हणाला. तिनं दिली नाही, तेव्हा त्यानं डबा हिसकावला. सुया अंगणात पसरल्या. मग स्वतःच एक एक गोळा करत बसला आणि रडला. तिनं दिली. दिल्यावर तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून शांत झोपला आणि ती तशीच, पायाला मुंग्या येईपर्यंत बसून राहिली. तिला त्याची दया आली आणि तितकीच घृणाही आली.

चार दिवसांनी विनोदची बायको बुधी हापशीवर भेटली. हंडा भरून वाहत होता तरी बुधी दांडा हापसतच होती.

"त्याच्या कोपराजवळ गळू झालंय," बुधी म्हणाली. "पू येतो. मी बघाय गेले तर ढकलली मला. दीपाली, तो घरात असतो पन नसतो. पोरीनं हाक मारली तरी नुसता बघतो." मग ती थांबली. "लोक बोलतात, तू देतेस म्हनून हे औषीद हाय. तू देतेस तर वाईट कसं असंल, असं मला पन वाटलं. खरं सांग, हे औषीद हाय का?"

दीपालीनं आपला हंडा उचलला. घरी हंडा उतरवला आणि तशीच, ओल्या पदरानं, शिरगावला निघाली. आधी जीप, मग पालघरवरून एसटी, मग वाडीपर्यंत चालत.

दमयंतीबाई चाफ्याची फुलं खुडत होत्या. शिरगावला त्यांच्या सासरची मोठी वाडी. चाफा, नारळ, चिकू. दीपालीला बघून त्यांना आनंद झाला, पण तिचं तोंड बघून तो टिकला नाही. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खरवडलेल्या बाटलीपासून शैलेशपर्यंत. बाई फांदी धरून ऐकत होत्या.

"किती जणांना तू पहिल्यांदा दिलीस?" त्यांनी विचारलं. "आधीपासून घेणारे सोड. पहिल्यांदा."

दीपालीनं आठवलं. "पाच. रूपेश धरून."

"मी शिकवलेल्या हातानं."

"बाई, मी कोरी सुई वापरली. त्यांची घान सुई एकाची दुसऱ्याला..."

"ते बरोबर केलंस. तेवढं एक बरोबर केलंस." बाई ओट्यावर बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे दीपालीला जास्त लागलं. "पण तू गोदामामागे देत नव्हतीस ना, दीपाली. तू अंगणात देत होतीस, सासू चहा देत होती. गोदामामागे जायला माणसाला लाज वाटली असती, दोघं तिघं तरी परत फिरले असते. तुझ्या अंगणात यायला कुणाला लाज वाटेल?"

दीपाली रडली नाही. रडावंसं वाटत होतं, पण इथे रडून मोकळं होणं तिला चोरीसारखं वाटलं. "आता काय करू?"

"एकदम तोडून घरात कोंडू नकोस, तो फार तळमळेल. पालघरच्या सरकारी दवाखान्यात यावर औषध देतात, जिभेखाली ठेवायची गोळी असते. मी चिठ्ठी देते. सुईचा अंमल अंगात असताना ती गोळी चालत नाही, म्हणून उद्या सकाळची सुई घेऊ देऊ नकोस, तसाच घेऊन जा. आणि एकट्यालाच नको, विनोदलाही. त्याच्या हाताला तर लगेच."

"गोळी?" दीपालीला हसू आलं, वाईट हसू. "बाई, आमच्यात गोळीला कोन विचारतं?"

"मग तू विचारायला लाव."

ती परतली तेव्हा रूपेश झोपला होता. चिठ्ठी तिनं ब्लाउजात ठेवली, डबा पेंढ्याच्या उडवीत खोल खुपसला. सकाळी लवकर उठून हापशीवर गेली, ती एवढ्यासाठी की बुधीला सांगावं, विनोदला आज सोडू नको. बुधी भेटली, ऐकलं, मान हलवली. दीपाली हंडा घेऊन अंगणात आली तर पाच माणसं नेहमीसारखी गोणपाटावर. विनोद पुढे. शैलेश कडेला.

घरात बायडी चुलीजवळ पाय पसरून बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत वर, एक हात पुढे केलेला. रूपेश तिच्यासमोर उकिडवा. त्याच्या हातात विनोदकडची सुई होती, भरलेली.

"काय करतोस?" हंडा दीपालीच्या हातातून निसटला, पाणी चुलीपर्यंत गेलं.

"आयेचे गुडघे रातभर ठनकतात," रूपेश म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. खरंच मऊ, आईवरच्या मायेनं. "तू नव्हतीस. आधी तिला थोडी देतो, मग मी घेतो. तिला पन बरं वाटंल."

"तू थांब गं," बायडी म्हणाली. "पोरगा सेवा करतो हाय. तू त्याला दिलीस ते औषीद, न् मला दिलं तर काय?"

दीपालीनं रूपेशचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी. सुई जमिनीवर पडली, तिनं ती टाचेनं चुलीत लोटली. मग त्याला तसाच ओढत तिनं दारात आणलं. त्याची ताकद तिच्याहून दुप्पट, पण सकाळची सुई न मिळालेल्या माणसात तेवढा जोर नव्हता.

"ऐका रं," ती अंगणातल्यांना म्हणाली. आवाज फाटला. "हे औषीद नाय. ही नशा हाय. मला ठाव होतं. पयल्या दिवशी मला ठाव होतं, तरी मी दिली. शैलेश, तुला मी दिली. मी काय डॉक्टरीन नाय. आजपासून कोनाला देनार नाय."

 मग एकजण हसला, चेष्टा समजून. हापशीवरच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. दीपालीला वाटलं, आता कुणीतरी शिव्या देईल, दगड उचलेल. तसं झालं असतं तर सोपं झालं असतं. विनोदनं नुसती बाही खाली केली.

"राहू द्या, वैनी," तो म्हणाला. अगदी आदरानं. "रूपेश शिकला हाय आता. तो देईल आम्हाला. चल रे, रूपेश."

टेम्पो आला. वाजला. रूपेशनं हात सोडवायला हिसका दिला. तिनं सोडला नाही. दुसरा हिसका असा बसला की ती उंबऱ्यावर आपटली, खांदा सोलला, पण मनगट हातातच. तो तिच्या अंगावर ओरडला, पाड्यासमोर नको नको ते बोलला. टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. विनोद एक पाय टेम्पोत ठेवून थांबला होता. झोपाळ्याचा एक दोर अंगणात राहत होता, हे त्यालाही दिसत होतं. तेवढ्यात बुधी कुंपणातून आली आणि तिनं नवऱ्याचा शर्ट मागून पकडला. विनोदनं तो सोडवला. गुंडी तुटून बुधीच्या हातात आली. टेम्पो गेला. मग शैलेश दिसला, रस्त्याच्या कडेला. चढावं की नाही हे न कळून मागे राहिलेला.

"सोड आता," रूपेश म्हणाला. "गेला टेम्पो. जोडी मोडली माजी. खूश?"

"बाराची जीप हाय. पालघरला जायचं."

"बारापर्यंत धरनार?"

"हो."

ऊन अंगणात आलं तसा तो थरथरायला लागला. आधी जांभया, मग डोळ्यांतून पाणी, मग पोटात कळ. पाय पोटाशी घेऊन तो ओटीवर पडला. घामानं त्याचं मनगट निसरडं झालं, तिनं पदर गुंडाळून धरलं. त्यानं पाया पडून मागितली. मग मेलीस तर बरं, म्हणाला. मग पुन्हा मागितली.

बायडी तोवर घरात रुसून बसली होती. लेकाचा आवाज ऐकून गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आली. त्याच्या कपाळाला हात लावला आणि घाबरली. एवढा थंड घाम तिनं मरणाऱ्या माणसाच्या अंगावरच बघितला होता.

"अगं बघते काय? पोर चाललं माजं!" ती सुनेच्या पाया पडायला वाकली. "माजं चुकलं, मला नको, मला कदी नको. पन त्याला दे. एक सुई दे गं त्याला. तुज्याकडं हाय ना डबा? एकच दे."

दीपालीला उडवीतला डबा दिसत होता. म्हणजे पेंढा दिसत होता, पण तिला आतला डबाच दिसत होता. एका सुईनं हे सगळं थांबलं असतं. सासू गप्प झाली असती, नवरा हसला असता. तिचा हात उठायला आतुर होता, आणि तो उठू नये म्हणूनच तिनं तो रूपेशच्या मनगटावर घट्ट आवळून ठेवला होता.

"आये," ती म्हणाली, "सुई नाय. तू त्याचा दुसरा हात धर."

बायडीनं लेकाच्या मनगटावर आवळलेल्या सुनेच्या मुठी बघितल्या. जीपला अजून अडीच तास होते. मग ती कण्हत खाली बसली आणि तिनं लेकाचा दुसरा हात आपल्या मांडीवर घेऊन धरला.